मिरज-लातूर लोहमार्गाची सुधारणा आणि शेतकरी

मिरजेहून सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी व धाराशिव ह्या गांवांवरून लातुरास जाणारा लोहमार्ग दुहेरी करावा, अशी मागणी ह्या टापूंतील सभांतून व निवेदनांतून वारंवार होत असते. मागणी रास्त आहे, ह्याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. मात्र "मार्ग दुहेरी करा" एवढें लिहून निवेदन पाठविलें म्हणजे आपलें काम संपलें, अशी जी समजूत दिसून येते ती शेतकऱ्यांच्या हिताची नाहीं. साडेतीनशें किलोमीटरांच्या सुमाराच्या मार्गावर दुसरा रूळ पडावयास पुष्कळ वर्षें व पुष्कळ पैसा लागतो. आणि तोंवर डाळिंबें, द्राक्षें, भाजीपाला, तूर व सोयाबीन हीं कोणासाठीं थांबून राहत नाहींत. म्हणून शेतकऱ्यांनीं काय मागावें, कोणत्या क्रमानें मागावें, आणि मागतांना आपल्या हातीं काय असावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे. आमचें मत थोडक्यांत असें कीं, दुसऱ्या रुळाची वाट पाहत बसण्यापेक्षां सध्यांच्या एकेरी मार्गावरील क्रॉसिंग स्टेशनें, लूप लाइनी व मालधक्के आधीं सुधारून घ्यावे. दुसऱ्या रुळासाठीं जमीन द्यावी लागेल तेव्हां ती कागदपत्रें नीट करून व हक्क समजून द्यावी. आणि रेल्वेपुढें नुसती विनंती न ठेवतां तिच्याबरोबर आपल्या मालाचा लेखी हिशेबही ठेवावा.

हा मार्ग पूर्वीं बार्शी लाइट रेल्वे ह्या नांवानें प्रसिद्ध होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें अडीच फूट रुंदीच्या रुळांवर तो उभारला. त्या काळीं बार्शी रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत १८९७ सालीं पहिली गाडी धावली. १९०६ सालीं हा मार्ग पंढरपुरास पोंचला, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस. एकूण सव्वातीनशें किलोमीटरांचा हा पसारा खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. १९५४ सालीं तो सरकारनें आपल्याकडे घेतला. बार्शी व लातूर ह्या पेठांच्या वाढींत ह्या छोट्या गाडीचा वांटा मोठा आहे. परंतु तिच्या रुळांची रुंदी निराळी असल्यामुळें मोठ्या मार्गावर जावयाचें प्रत्येक पोतें वाटेंत उतरवून दुसऱ्या गाडींत भरावें लागे. त्यांत हमाली जाई, वेळ जाई आणि पोतीं फाटून धान्यही जाई. चालू शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्यानें रुंद करण्यांत आला, आणि त्याच वेळीं मार्ग वळवून पूर्वीं बाजूस राहिलेलें धाराशिव शहर त्यास जोडण्यांत आलें. पुढें विजेच्या तारा आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें औसा रोड ते लातूर रोड ह्या तुकड्याचें काम झालें, तेव्हां मध्य रेल्वेच्या सर्व रुंद मार्गांचें विद्युतीकरण पूर्ण झालें. म्हणजे साऱ्या मध्य रेल्वेंत वीज शेवटीं पोंचली ती आपल्याच टापूंत.

आज स्थिति अशी आहे कीं, मुंबईहून सोलापुराकडे जाणारा मुख्य मार्ग दुहेरी झालेला आहे. पुणें-मिरज मार्गाचें दुहेरीकरण बहुतेक पुरें झालेलें आहे. आणि ह्या दोन मोठ्या मार्गांस जोडून पुढें मराठवाड्यांत शिरणारा आपला मार्ग मात्र एकेरी आहे. ह्याच मार्गावर लातूरजवळ हरंगुळ येथें रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. सोलापुराहून तुळजापुरावरून धाराशिवास येणाऱ्या नव्या मार्गाचें काम चालू आहे. तो सुरू झाला कीं त्याची वाहतूकही ह्याच रुळांवर येऊन पडणार. तेव्हां गर्दी वाढणार हें ठरलेलें आहे. ती वाढेल तेव्हां सर्वांत मागें कोणास उभें केलें जाईल, हा प्रश्न आहे. आणि शेतमालाच्या डब्यांस तसें उभें केलें जाऊं नये, ह्यासाठींच हा लेखनप्रपंच.

एकेरी मार्गाची अडचण नेमकी कोठें असते, हें समजून घेतल्यावांचून मागणी नीट करतां येत नाहीं. एकेरी रुळावर दोन स्टेशनांमधल्या टप्प्यांत एका वेळीं एकाच दिशेची गाडी असूं शकते. समोरून गाडी यावयाची असेल तर अलीकडच्या गाडीनें स्टेशनांतील बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनीवर, उभें राहावयाचें. समोरची गाडी पुरती आंत आली, मधला टप्पा मोकळा झाल्याची खात्री पटली, म्हणजे मग पुढें निघावयाचें. पाटाच्या पाण्याची पाळी धरणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. वरच्या अंगास पाणी कितीही असलें तरी मध्येंच एखादी मोरी अरुंद असली म्हणजे खालच्या शेतास त्या मोरींतून येईल तेवढेंच पाणी मिळतें. लोहमार्गाचेंही तसेंच आहे. दिवसाला किती गाड्या धावूं शकतील हें सर्वांत जास्त वेळ खाणारा टप्पा ठरवितो. बाकीचे टप्पे कितीही आंखूड असले तरी त्यांचा उपयोग होत नाहीं.

हा हिशेब करण्याची रेल्वेंत एक रूढ रीत आहे. दिवसाचीं १४४० मिनिटें घ्यावयाचीं. सर्वांत लांब टप्पा ओलांडण्यास सावकाश गाडीस लागणारीं मिनिटें व सिग्नलाच्या देवघेवीचीं मिनिटें ह्यांच्या बेरजेनें त्यांस भागावयाचें. येईल त्या आंकड्यांतून दुरुस्ती, उशीर वगैरेंसाठीं शेंकडा तीस वजा करावयाचे. केवळ उदाहरणादाखल समजा कीं, एका टप्प्यास २५ मिनिटें लागतात व सिग्नलास ५. बेरीज ३० झाली. १४४० भागिले ३० म्हणजे ४८. वजावट केल्यावर दोन्ही दिशांच्या मिळून सुमारें ३३ गाड्या राहतात. आतां त्याच टप्प्याच्या मध्यावर एक क्रॉसिंग स्टेशन उभारलें तर तोच टप्पा १३ मिनिटांचा होतो, बेरीज १८ होते, भागाकार ८० येतो, आणि वजावट करून ५६ गाड्या मिळतात. एका स्टेशनानें एवढा फरक पडतो. एक लांब टप्पा तोडला कीं त्याच्या खालोखालचा लांब टप्पा आड येतो हें खरें, आणि म्हणून असें काम एकाच ठिकाणीं करून भागत नाहीं. तरीपण साऱ्या मार्गावर दुसरा रूळ टाकण्याच्या मानानें हें काम फार थोड्या पैशांत व फार थोड्या काळांत होणारें आहे. विजेच्या तारांनीं ही अडचण दूर होत नाहीं. विजेचें इंजिन जोरानें धावतें. परंतु समोरून गाडी येत असेल तर तेंही लूप लाइनीवर उभेंच राहतें.

दुसरी गोष्ट लूप लाइनीच्या लांबीची. पुऱ्या लांबीची मालगाडी सुमारें सातशें मीटरांची असते. ज्या स्टेशनावरील लूप लाइन तिच्याहून आंखूड, त्या स्टेशनावर ती बाजूस घेतां येत नाहीं. मग तिला दोन-तीन स्टेशनें अलीकडेच थांबवून ठेवावें लागतें, आणि तितका वेळ तिच्या मागच्या सर्व गाड्या खोळंबतात. म्हणून क्रॉसिंग स्टेशन मागतांना "पुऱ्या मालगाडीस पुरेल एवढ्या लूप लाइनीसह" हे शब्द आठवणीनें घालावेत. ते राहिले तर स्टेशन होईल, दोन डब्यांची सावलीही होईल, आणि मालगाडीची स्थिति होती तशीच राहील.

आपल्या मार्गावर ह्या अडचणीस पंढरपूरची यात्रा येऊन मिळते. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपुरास जादा गाड्या सोडाव्या लागतात, आणि त्या सोडावयासच पाहिजेत. वारकऱ्यांत निम्म्याहून अधिक आपलेच भाऊबंद असतात. परंतु आषाढीच्या सुमारास आंबे बहाराचीं डाळिंबें तोडणीस आलेलीं असतात आणि खरिपाच्या खताची निकड असते. कार्तिकीच्या सुमारास लातुराकडील सोयाबीन बाजारांत येतें. म्हणजे यात्रेची गर्दी व शेतमालाची घाई बरोबर एकाच वेळीं ह्या एका रुळावर येतात. विठोबाच्या गाड्या थांबवा असें कोणी म्हणणार नाहीं. पण दोहोंस वाट मिळेल अशी तजवीज करा, असें म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे.

ह्या मार्गाच्या अंगीं किती सामर्थ्य आहे हें २०१६ सालच्या दुष्काळांत साऱ्या देशानें पाहिलें. लातूर शहरास पिण्याचें पाणी उरलें नाहीं, तेव्हां मिरजेहून तें आगगाडीनें नेण्यांत आलें. ११ एप्रिल रोजीं दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि ३४२ किलोमीटर चालून १२ एप्रिलच्या पहाटे लातुरास पोंचली. पुढें पन्नास टाक्यांच्या गाड्या लागल्या व एका खेपेस सुमारें पंचवीस लाख लिटर पाणी जाऊं लागलें. अशा शंभराहून अधिक खेपा झाल्या. मिरजेकडील पाण्यानें लातूरकरांची तहान भागविली, हें ह्या मार्गाचें उपकार-ऋण कोणीही विसरूं नये. त्यांतून दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, सरकारनें मनावर घेतलें तर ह्याच एकेरी रुळावरून जड मालाची नियमित वाहतूक होऊं शकते. दुसरी ही कीं, पाण्याची गाडी वाटेंत चार तास उभी राहिली तरी पाणी नासत नाहीं. भाजीपाला व पिकलेलीं फळें मात्र नासतात. नाशवंत मालासाठीं गाडी असून भागत नाहीं, ती ठरल्या वेळीं पोंचावी लागते.

ह्याचाच अनुभव किसान रेलच्या बाबतींत आला. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल सुटली. पुढें सांगोल्याहूनही अशा गाड्या निघूं लागल्या, आणि देशांतील शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजीं सांगोल्याहूनच बंगालमधील शालिमार येथें गेली. दोन हजार किलोमीटरांहून लांबचा तो पल्ला. वाटेंतील थांब्यांवर माल चढविण्या-उतरविण्याची मुभा होती, मालाच्या कमींत कमी वजनाची अट नव्हती, आणि त्या वर्षींच्या ऑक्टोबरापासून फळांस व भाजीपाल्यास निम्म्या भाड्याची सवलत मिळूं लागली होती. एरवीं पुण्या-मुंबईच्या पलीकडे ज्याचा माल जात नसे अशा शेतकऱ्याचें डाळिंब कलकत्त्याच्या पेठेंत गेलें. सवलतीची मुदत सरल्यावर ह्या गाड्यांचा ओघ आटला, आणि तेल्या व खोडकिडा ह्यांनीं सांगोल्याकडील पुष्कळ बागाही त्याच सुमारास बसल्या. कित्येकांनीं ह्यावरून असा निष्कर्ष काढला कीं, भाडें स्वस्त असल्यावांचून रेल्वे आपल्या उपयोगाची नाहीं. आम्हांस तो अपुरा वाटतो. सवलत मिळाली तर हवीच आहे. परंतु सवलत हा सरकारचा प्रसाद आहे, तो आज मिळेल, उद्यां मिळणार नाहीं. ठरलेल्या वारीं, ठरलेल्या वेळीं डबा लागतो व तो ठरल्या दिवशीं पोंचतो, एवढा भरंवसा जर रेल्वे देऊं शकली, तर पुऱ्या भाड्यानेंही लांबच्या पेठेस माल देणारे शेतकरी निघतील. आणि हा भरंवसा एकेरी मार्गावरील क्रॉसिंगच्या खोळंब्यांत अडकलेला आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो व तो विचार करण्यासारखा आहे. ट्रक बांधावर येतो, तेथेंच माल भरतो व थेट अडत्याच्या दारांत उतरवितो. रेल्वेस मात्र बागेपासून स्टेशनापर्यंत एकदां व तिकडील स्टेशनापासून पेठेपर्यंत पुन्हां एकदां, अशी दोन वेळां चढ-उतार करावी लागते. मग रेल्वेची उठाठेव कशाला? पुणें, मुंबई, हैदराबाद एवढ्या अंतरापुरता हा आक्षेप खरा आहे, आणि त्या अंतरास ट्रकच सोयीचा. परंतु दिल्ली, पाटणा, कलकत्ता अशा पेठांस माल नेतांना ट्रकाचें भाडें, डिझेलचा चढता भाव व रस्त्यांतील दोन-तीन रात्री ह्यांचा विचार केला म्हणजे पारडें फिरतें. शिवाय शेतकऱ्याचा रेल्वेशीं संबंध फळांपुरताच नाहीं. खताची एक मालगाडी सुमारें अडीच हजार टन माल एकदम आणते. ती पेरणीपूर्वीं चार दिवस उशिरां लागली तर पहिला घातक परिणाम लहान शेतकऱ्याच्या रानांत दिसतो, कारण आगाऊ सांठा करून ठेवण्यास त्याच्यापाशीं पैसा नसतो. सांखर, तूर, सोयाबीन, पेंड हाही सर्व जड माल आहे. तेव्हां ट्रक कीं रेल्वे असा वाद नसून, जवळच्या पेठेस ट्रक व लांबच्या पेठेस रेल्वे, अशी दोहोंची विभागणी करावयाची आहे.

आतां मागण्यांचा क्रम. पहिली मागणी अशी असावी कीं, मिरज ते लातूर रोड ह्या दरम्यानचे सर्वांत जास्त वेळ खाणारे टप्पे कोणते, हें रेल्वेनें आपल्या दप्तरांतून जाहीर करावें, आणि त्या टप्प्यांत पुऱ्या लांबीच्या लूप लाइनीसह क्रॉसिंग स्टेशनें उभारावींत. दुसरी, अशा प्रत्येक नव्या बांधकामाच्या वेळीं पूल, भराव व इमारती ह्या दुसऱ्या रुळाची जागा सोडूनच कराव्यात, म्हणजे पुढें त्या पाडाव्या लागणार नाहींत. तिसरी, ज्या स्टेशनांवर शेतमाल चढतो त्या ठिकाणच्या मालधक्क्यांस छप्पर, दिवे, वजनकाटा व ट्रक वळेल एवढा पक्का रस्ता असावा. उघड्या धक्क्यावर भर उन्हांत फळांचे क्रेट सहा तास ठेवल्यावर पुढें गाडी कितीही वेगानें धावली तरी तिचा उपयोग काय? चौथी, तोडणीच्या महिन्यांत आठवड्यांतील ठराविक वारीं नाशवंत मालाचे पार्सल डबे ठराविक गाडीस जोडले जावेत व त्यांचें वेळापत्रक हंगामाच्या आधीं प्रसिद्ध व्हावें. आणि पांचवी, दुहेरीकरणाचें काम तुकड्यातुकड्यानें हातीं घ्यावयाचें झाल्यास यात्रेचा व मालाचा भार जेथें एकत्र पडतो त्या पंढरपूर-कुर्डुवाडी भागाचा विचार प्रथम व्हावा.

ह्यानंतर जमिनीचा प्रश्न येतो, आणि तो सर्वांत नाजूक आहे. दुसरा रूळ हवेंत पडत नाहीं. कोठें रेल्वेची स्वतःची पट्टी पुरेल, कोठें ती पुरणार नाहीं. आणि जेथें पुरणार नाहीं तेथें ती आपल्यापैकींच कोणाच्या तरी रानांतून घेतली जाईल. सभेंत दुहेरी मार्गासाठीं हात वर करावयाचा आणि मोजणीदार आला कीं त्याच्या आडवें पडावयाचें, हें वर्तन शोभणारें नाहीं. तसेंच, सार्वजनिक काम आहे म्हणून शेतकऱ्यानें मुकाट्यानें जमीन सोडावी व मिळेल तें घ्यावें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. योग्य मार्ग ह्या दोहोंच्या मधला आहे, व तो कागदांतून जातो.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रस्तुत लेखकानें असे उतारे पुष्कळ पाहिले आहेत कीं, रानांत सात वर्षांची डाळिंबाची बाग उभी आहे आणि सात-बारावरील पीकपाहणींत मात्र ज्वारी लिहिलेली आहे. विहीर तीन भावांची आहे आणि नोंद एकाच्याच नांवावर आहे. वडील जाऊन दहा वर्षें झालीं आणि वारसनोंद झालेलीच नाहीं. एरवीं ह्या चुका कोणास बोंचत नाहींत. परंतु संपादनाची अधिसूचना निघाली म्हणजे मोबदला कागदावरील पिकाचा, कागदावरील झाडांचा व कागदावरील मालकाचा ठरूं लागतो, आणि मग भाऊबंदांत तंटे सुरू होऊन रक्कम न्यायालयांत पडून राहते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करतां येते. मार्गालगतच्या प्रत्येक खातेदारानें फळझाडें, विहीर, कूपनलिका व वारस ह्यांच्या नोंदी आजच तपासून घ्याव्या. आणि जमिनीखालून गेलेली पाइपलाइन मोजणीच्या वेळीं पंचनाम्यांत लिहवून घेण्यास चुकूं नये.

कायद्यांतील मुख्य गोष्टीही माहीत असाव्या. विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून जाहीर झालेल्या कामासाठीं रेल्वे अधिनियमाखालीं जमीन घेतली जाते तेव्हां अधिसूचनेपासून तीस दिवसांच्या आंत हरकत नोंदवावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीं हीच मुदत साठ दिवसांची आहे. २०१५ पासून रेल्वे अधिनियमाखालील संपादनासही मोबदला २०१३ च्या कायद्याच्या तत्त्वानेंच द्यावा लागतो, आणि त्यांत ठरलेल्या मोबदल्याइतकीच आणखी दिलासा रक्कम मिळते. जमिनीचे तुकडे पडून उरलेल्या भागाचें जें नुकसान होतें तेंही मागतां येतें; मात्र तें मागावें लागतें. संयुक्त मोजणीच्या दिवशीं खातेदारानें स्वतः हजर राहावें, झाडें मोजून घ्यावींत, आणि न वाचतां कोणत्याही कागदावर सही अगर अंगठा करूं नये.

रुळाच्या दोन्ही बाजूंस ज्याची जमीन आहे त्याची आणखी एक अडचण आहे. देशांतील रुंद मार्गांवरील बिनपहाऱ्याचीं गेटें २०१९ च्या आरंभापर्यंत बंद करण्यांत आलीं, व त्यामुळें पुष्कळ जीव वांचले, हें निःसंशय चांगलें झालें. परंतु त्यांच्या जागीं अनेक ठिकाणीं जे भुयारी मार्ग झाले, त्यांतील कित्येकांत पावसाळ्यांत गुडघा-कंबरभर पाणी सांठतें, आणि कित्येकांची उंची एवढी कमी कीं, उसानें भरलेली ट्रॉली खालून जात नाहीं. शेत डोळ्यांसमोर असून शेतकऱ्यास दोन-तीन कोस वळसा घालावा लागतो. गाड्या वाढतील, वेग वाढेल, दुसरा रूळ पडेल, तसतशीं उरलेलीं गेटेंही बंद होतील व असे मार्ग वाढतच जातील. म्हणून नकाशे मंजूर होण्यापूर्वीं गांवकऱ्यांसमवेत जागेची पाहणी व्हावी, पाण्याच्या निचऱ्याची सोय आधीं दाखवावी, आणि उंची उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून ठरवावी, ही मागणी दुहेरीकरणाच्या मागणीपासून वेगळी करूं नये. मार्ग सुधारला आणि मार्गालगतचा शेतकरी आपल्या रानांतून तुटला, तर ती सुधारणा त्याच्या पुरती अधोगतीच होय.

शेवटीं आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयीं. रेल्वे ही हिशेबानें चालणारी संस्था आहे. कोणत्या मार्गावर किती माल आहे व त्यापासून किती उत्पन्न होईल, हें पाहून ती काम हातीं घेते. आपण तिला निवेदनें पुष्कळ दिलीं, पण हा आंकडा कधीं दिला नाहीं. कारण तो आपल्यापाशींच नाहीं. सांगोल्याहून मार्गशीर्षांत किती डाळिंब बाहेर जातें, कवठे महांकाळच्या बाजूनें द्राक्षें किती जातात, बार्शीच्या पेठेंतून तूर कोणत्या प्रांतास जाते, हें ट्रकवाल्यास व अडत्यास ठाऊक आहे, पिकविणाऱ्यास नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आपल्या संस्थेच्या प्रत्येक गांवशाखेनें येत्या हंगामापासून एक वर्षभर एक साधी नोंदवही ठेवावी. तींत सहा रकाने पुरेत : तारीख, माल, वजन क्विंटलांत, कोणत्या पेठेस गेला, वाहतुकीस खर्च किती आला, आणि वाटेंत नुकसान किती झालें. महिनाअखेर बेरीज करून ती तालुक्याच्या शाखेस पाठवावी. एका मोठ्या पार्सल डब्यांत सुमारें २३ टन माल मावतो. बागाईत गांवास हंगामांत एवढा माल जमविणें अशक्य नाहीं, आणि एका गांवास तें न जमल्यास दोन-तीन गांवांच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं मिळून डबा भरावा. ज्या वारीं आपण माल देऊं असें लिहून दिलें त्या वारीं तो दिलाच पाहिजे. आपल्याकडून डबे रिकामे गेले तर पुढच्या वर्षीं वेळापत्रक मागावयास तोंड राहणार नाहीं.

वर्षाअखेर अशा वह्यांच्या बेरजा घेऊन आपले प्रतिनिधि सोलापूरच्या विभागीय कचेरींत गेले, तर त्यांच्या हातांत आजपर्यंतच्या सर्व निवेदनांहून वजनदार कागद असेल. क्रॉसिंग स्टेशन कोठें हवें, धक्का कोठें हवा, डबा कोणत्या वारीं हवा, हें सर्व त्या कागदावरून दाखवितां येईल. आणि दुसरा रूळ कां हवा हेंही. नोंदवहीचा नमुना पाहिजे असेल त्या शाखेनें ह्या मासिकाच्या कचेरीस लिहावें. मृग लागण्यापूर्वीं वह्या सुरू झाल्या तर पुढील कार्तिकीपर्यंत खरिपाचा आंकडा हातीं येईल.

— एक निवृत्त महसूल कारकून